दाणाबंदर ते परळ : प्लेगने मागे काय ठेवले?

खेड्यातला माणूस मुंबईला गेला की त्याचा कार्यक्रम ठरलेला असतो. राणीची बाग, गेट वे, महालक्ष्मीचे दर्शन, चौपाटीवर भेळ आणि परतीच्या गाडीआधी दादरला साड्यांची खरेदी. यात वावगे काहीच नाही. पण मुंबईत पाहण्याजोगी आणखी एक वाट आहे. ती शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका साथीच्या रोगाने पाडलेली आहे. रोज लाखो माणसे तिच्यावरून चालतात, पण ती कोणी पाडली हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

ही वाट पाहावी असे माझ्या मनात आले ते कोरोनानंतर. कृषी खात्याच्या नोकरीत गावोगाव फिरताना पारावर एक प्रश्न हमखास निघतो, "साहेब, एवढे मोठे संकट येऊन गेले, पण बदलले काय?" कोणी म्हणते सगळेच बदलले, कोणी म्हणते काहीच नाही. मागच्या हंगामाचा हिशोब मांडल्याशिवाय पुढच्याचा अंदाज येत नाही. तसेच साथीचे आहे. कोरोनाचे काय टिकेल हे समजायचे तर आधीच्या साथीचे काय टिकले ते पाहिले पाहिजे.

गेल्या हिवाळ्यात खात्याच्या कामानिमित्त मुंबईला जाणे झाले. काम लवकर आटोपले आणि दोन दिवस हाताशी राहिले. लालबागला माझा भाचा राहतो, त्याच्याकडे मुक्काम टाकला. सकाळी निघताना त्याला म्हटले, "चल, तुला दाणाबंदर दाखवतो." तो हसून म्हणाला, "मामा, लोक मुंबई बघायला येतात आणि तुम्ही धान्याची गोदामं बघायला निघालात!" पण आला बरोबर.

जिथे उंदीर पडू लागले

लोकलने मशीद स्टेशनवर उतरलो आणि मांडवीच्या बाजूला चालू लागलो. एका बाजूला गोदी, दुसऱ्या बाजूला अरुंद गल्ल्या, हातगाड्या, पाठीवर ओझे घेतलेले हमाल. भात बाजार, दाणाबंदर ही नावेच सांगतात की हा भाग कशावर वाढला. घाऊक धान्याचा मोठा बाजार आता वाशीला गेला आहे, पण पूर्वी देशावरचे धान्य इथे उतरे आणि इथूनच जहाजांत भरले जाई. खाली गोदामात पोत्यांच्या थप्प्या आणि वर माळ्यावर दाटीवाटीने राहणारी माणसे, अशी घरांची रचना होती.

सप्टेंबर १८९६ मध्ये याच मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांना काही रोग्यांच्या जांघेत व काखेत गाठी दिसल्या. ताप चढे आणि थोड्याच दिवसांत माणूस जाई. डॉ. व्हिएगस मूळचे गोव्याचे. हा गाठीचा प्लेग आहे, असे त्यांनी छातीठोकपणे सांगितले. दोन वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला प्लेगने थैमान घातले होते आणि तिकडची जहाजे मुंबईच्या गोदीला लागत होती. आज मेट्रो सिनेमाच्या चौकाजवळ या डॉक्टरांचा पुतळा उभा आहे.

मांडवीतच का, याचे उत्तर शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. जिथे धान्य तिथे उंदीर. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा गार पडलेले शरीर सोडतात आणि जवळ दुसरे ऊबदार शरीर मिळेल त्यावर चढतात. ते शरीर माणसाचे असले की गाठ येते. त्या वेळी हे कोणालाच नीट माहीत नव्हते. १८९८ मध्ये सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत पिसवांकडे बोट दाखवले, आणि १९०५ पासून मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन मंडळाने ते पुरते सिद्ध केले. त्यांची रीत कोणालाही समजेल अशी होती. प्लेग झालेल्या घरात गिनीपिग नावाच्या सशासारख्या लहान प्राण्यांचे पिंजरे ठेवले. एक पिंजरा जमिनीवर, दुसरा पिसूच्या उडीपलीकडे उंच टांगलेला. खालच्या प्राण्यांना रोग झाला, वरचे वाचले. हवा दोघांची एकच होती. फरक होता तो पिसवेचा.

पण हे कळेपर्यंत फार माणसे गेली. मुंबईची वस्ती तेव्हा सुमारे आठ लाख होती. १८९७ च्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले. त्यात रत्नागिरी-साताऱ्याकडचे गिरणी कामगार फार. कोणी बोटीने, कोणी आगगाडीने, कोणी पायी गावाकडे निघाले. २०२० च्या उन्हाळ्यात डोक्यावर बोचकी आणि कडेवर मुले घेऊन महामार्गाने चालणारी माणसे आपण पाहिली. त्यांच्या आधीची पिढी याच शहरातून अशीच निघाली होती. तेव्हा त्यांच्याबरोबर प्लेगही गावोगाव पोचला. पुढच्या काही दशकांत या देशात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे गेली.

वाऱ्यासाठी फोडलेले रस्ते

मांडवीहून आम्ही काळबादेवीला आलो आणि तिथून प्रिन्सेस स्ट्रीटने समुद्राकडे चालू लागलो. या रस्त्याचे आजचे नाव शामलदास गांधी मार्ग. गर्दीच्या गल्ल्यांतून या रस्त्यावर येताच अंगाला वारा लागतो. हा वारा योगायोगाने आलेला नाही. तो आत यावा म्हणूनच हा रस्ता फोडला गेला.

प्लेग पाहून सरकारने १८९८ मध्ये कायदा करून मुंबईत इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्तीत उजेड व हवा नेणे, नव्या वस्तीसाठी जागा तयार करणे आणि गरिबांना राहण्याजोगी घरे बांधणे ही त्याची कामे. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड (आताचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग), महंमद अली रोड हे रुंद रस्ते ट्रस्टच्याच योजनांतले. घरासमोर मोकळी जागा किती हवी, याचा एक सोपा नियमही ट्रस्टच्या अभियंत्यांनी मांडला. समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मे तरी अंतर मोकळे असावे. म्हणजे खालच्या खोलीतल्या माणसालाही आभाळ दिसेल.

हे सगळे गोड गोड झाले असे मात्र नाही. ट्रस्टने सुरुवातीला घरे पाडली फार आणि बांधली कमी. ज्यांची घरे गेली ते गरीब लोक शेजारच्याच गल्लीत आणखी दाटीने राहू लागले. रोगाचे ओझे ज्यांनी वाहिले, उपायाचे ओझेही बव्हंशी त्यांच्याच माथी आले. सरकारी योजना गावात नेणाऱ्या माझ्यासारख्याने ही गोष्ट गाठीला बांधून ठेवावी अशी आहे.

ट्रस्टने पुढे बांधलेल्या चाळी अजून काही ठिकाणी उभ्या आहेत. लोक त्यांना बी.आय.टी. चाळी म्हणतात. एक खोली, पुढे सामाईक गॅलरी. कोकणातून आणि देशावरून पोटासाठी आलेल्या कितीतरी कुटुंबांच्या तीन-तीन पिढ्या या खोल्यांत वाढल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब १९१२ च्या सुमारास राहायला आले आणि बाबासाहेब कित्येक वर्षे तिथे राहिले. आपल्यापैकी अनेकांचा मुंबईतला पहिला मुक्काम नातेवाइकांच्या अशाच एखाद्या खोलीत झालेला असेल. त्या खोलीची मुळे प्लेगपर्यंत जातात.

दादर-माटुंग्याची भातखाचरे

दुसऱ्या दिवशी दादर पूर्वेला उतरलो. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स. सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना मोठी झाडे, घरांभोवती मोकळी जागा आणि मध्ये बागा. भाचा म्हणाला, "इथं राहायला मिळायला नशीब लागतं." मी म्हटले, "अरे, तू उभा आहेस तिथे एके काळी चिखलणी होत असेल."

खरेच आहे. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागात तेव्हा भातखाचरे, ताडमाडांच्या वाड्या आणि पाणथळ जागा होत्या. शहरातली दाटी कमी करायची तर माणसांनी उत्तरेकडे सरकले पाहिजे, असे ठरवून ट्रस्टने इथली जमीन संपादन केली, भराव घातले, आधी रस्ते व गटारे आखली आणि मग भूखंड पाडले. पारशी कॉलनीसाठी मंचेरजी जोशी नावाच्या अभियंत्याने ट्रस्टकडे पाठपुरावा करून जागा मिळवली. आधी गटार, मग घर, हा क्रम आपल्या गावठाणाच्या विस्तारात किती ठिकाणी पाळला जातो, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरते पाहावे.

त्या खाचरांत राबलेल्या कुटुंबांची पाटी मला कुठे दिसली नाही. शेतकऱ्याच्या नजरेने चालणाऱ्याला ती उणीव जाणवल्याशिवाय राहत नाही.

परळची प्रयोगशाळा

दादरहून परळला आलो. के.ई.एम. आणि टाटा रुग्णालयांच्या परिसरातच हाफकिन संस्थेचे आवार आहे. जुन्या काळी हा गव्हर्नरांचा बंगला होता. इथे आता शंभरावर वर्षे लसी, सीरम आणि रोगजंतूंचे काम चालत आले आहे.

वाल्डेमार हाफकिन मूळचे ओडेसाचे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकून ते हिंदुस्थानात आले होते. कॉलऱ्याच्या लसीचे त्यांचे काम आधीच चालू होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या जागेत, हाताशी मोजकी माणसे घेऊन, तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा टोचली ती स्वतःला. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात, आपण होऊन पुढे आलेल्या कैद्यांना.

तरी लोक लस घ्यायला तयार नव्हते. लशीने माणूस मरतो, धर्म बुडतो, असे काय काय पसरले. तेव्हा खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी सर्वांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली आणि मग त्यांचे अनुयायी पुढे आले. नवे बियाणे गावात नेताना माझा अनुभव हाच आहे. आम्ही घडीपत्रिका कितीही वाटल्या तरी लोक बांधावरून शेजाऱ्याचे पीक पाहतात आणि मगच पिशवी विकत घेतात. २०२१ मध्ये कोरोनाची लस आली तेव्हाही माझ्या भागात जिथे सरपंच, गुरुजी आणि आशाताईंनी आधी दंड पुढे केला तिथे रांगा लागल्या. जिथे नुसता भोंगा फिरला तिथे घरांची दारे बंद राहिली.

याची उलट बाजू त्याच वर्षी पुण्यात दिसली. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. चारच कलमांचा, पण अधिकार अफाट. पुण्यात रँडसाहेबाने गोरे सोल्जर घरांत घुसवले. त्यांनी देवघरे, माजघरे काही म्हणून सोडले नाही. लोकांच्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंच्या गोळ्यांनी झाला. त्याच पुण्याजवळ, हडपसरच्या ससाणे मळ्यात, डॉ. यशवंत फुले यांचा दवाखाना चालू होता. सावित्रीबाई तिथे रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्या सेवेतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. धाकाने रोगी लपवले गेले, मायेने ते दवाखान्यात आले. १८९७ चा तो कायदा मात्र टिकला. २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत राज्य सरकारने काढलेल्या आदेशांत त्याच कायद्याचा आधार होता.

प्लेगची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या या बंगल्यात आली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. प्लेग ओसरला, पण प्रयोगशाळा बंद झाली नाही. तिथे इतर रोगांवर काम सुरू झाले. त्यात शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचे एक काम आहे. सापाचे विष अगदी थोड्या मात्रेत घोड्याला टोचून, त्याच्या रक्तापासून सर्पदंशावरचे औषध इथल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे तयार केले. उसाला पाणी देताना, भात कापताना, कडब्याची गंज उपसताना साप चावलेली कितीतरी माणसे या औषधाने घरी परत आली. त्यांच्या घरच्यांना परळ ठाऊक नसेल आणि १८९६ चा प्लेग तर त्याहून नसेल. तरी त्या साथीत पेटलेल्या दिव्याचाच हा उजेड आहे.

परतताना भायखळ्याजवळचे कस्तुरबा रुग्णालय बाहेरून पाहिले. पूर्वी त्याचे नाव आर्थर रोड हॉस्पिटल. प्लेगचे रोगी तिथे ठेवले गेले, आणि मार्च २०२० मध्ये मुंबईतले सुरुवातीचे कोरोनाचे रोगीही तिथेच दाखल झाले. सव्वाशे वर्षांनी वेळ आली तेव्हा ती इमारत जागेवर होती.

टिकले काय, विरले काय

आता हिशोब मांडू. प्लेगच्या दिवसांत माणूस मिळेना, म्हणून मुंबईच्या गिरण्यांना कामगारांना रोजच्या रोज मजुरी मोजावी लागली. कामगाराला किंमत आली. पण ते कुठल्या नियमात बसले नाही, आणि पुढे पुन्हा महिन्याचा पगारच रूढ राहिला. घराघरांत चुना लावणे, बिळे बुजवणे, सामान उन्हात टाकणे, हे भीती होती तोवर चालले. रस्ता मात्र राहिला, चाळ राहिली, प्रयोगशाळा राहिली, कायदा राहिला.

याउलट १९१८ ची मानमोडी पाहा. इन्फ्लुएंझाची ती साथ सप्टेंबर-ऑक्टोबरात आली. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. थोड्या महिन्यांत देशात एक कोटीहून अधिक माणसे गेली, म्हणजे प्लेगने कित्येक वर्षांत नेली तितकी. रब्बीची पेर घटली, कारण तिफण धरायला हात उरले नव्हते. आणि मागे काय राहिले? आजीच्या तोंडचा 'मानमोडी' हा शब्द. मानमोडीने बांधलेला रस्ता मला मुंबईत कोणी दाखवू शकला नाही. साथ किती मोठी होती यावर मागे काय राहणार ते ठरत नाही. लोकांनी तिच्या निमित्ताने काय बांधून ठेवले यावर ते ठरते.

खेड्यांतही असेच झाले. प्लेगच्या साली उंदीर पडू लागले की गाव उठे आणि रानात झोपड्या घालून राही. गोष्ट शहाणपणाची होती, कारण माणूस उंदीर-पिसवांपासून दूर जाई. जुनी माणसे सांगतात की काही घरे परत गावात आलीच नाहीत, मळ्यातच राहिली. आज ज्याला आपण वस्ती म्हणतो, त्यांतल्या काहींची सुरुवात अशी झाली. बाकीचे गाव परत आले, आणि परत येऊन त्याच अंधाऱ्या माजघरात, त्याच कणगीशेजारी झोपू लागले.

त्याचे मोल पुढे मोजावे लागले. प्लेग संपला असे सगळे धरून चालले असता ऑगस्ट १९९४ मध्ये आपल्याच बीड जिल्ह्यात मामला गावी उंदीर पडू लागले आणि माणसांना गाठी आल्या. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीचा भूकंप झाला होता. धास्तीने लोक घरे सोडून बाहेर राहू लागले, धान्य मात्र घरातच राहिले आणि उंदीर माजले, असे कारण जाणकारांनी दिले. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. बी.एस्सी.ला उंदीर हा पिकाचा शत्रू म्हणून शिकलो होतो. तो माणसाचाही शत्रू आहे, हे त्या महिन्यात खऱ्या अर्थाने उमगले. पुढच्याच महिन्यात सुरतेत साथीची ओरड झाली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. पण सुरतेने त्यातून धडा घेतला. १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांनी रोजच्या रोज कचरा उचलण्याची आणि अधिकाऱ्यांनी स्वतः रस्त्यावर फिरण्याची शिस्त लावली. तीच सुरत २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने देशात पहिली आली.

आपल्या गावाचा हिशोब

आणि आता कोरोना. माझ्या मंडलातल्या गावांत मी पाहतो ते सांगतो. टाळेबंदीत बाजार बंद होते तेव्हा अनेक तरुणांनी भाजीपाला आणि द्राक्षे थेट शहरातल्या सोसायट्यांत नेऊन विकली. त्यांतल्या ज्या गटांनी पुढे नोंदणी केली, वजनकाटा घेतला, वही नीट ठेवली, ते आजही विकतात. ज्यांनी नुसती त्या उन्हाळ्यापुरती धावपळ केली ते पुन्हा आडतीवर उभे आहेत. आठवडे बाजारात कोथिंबिरीची जुडी विकणाऱ्या मावशीच्या पाटीवरही आज मोबाइलने पैसे देण्याचा कागद चिकटवलेला आहे. तो आता निघणार नाही. आमचे कामही बदलले. पूर्वी शेतकरी मेळावा म्हणजे मांडव आणि पुरुषांची गर्दी. आता संध्याकाळी मोबाइलवरच्या सभेला चुलीपाशी बसलेल्या बायकाही असतात, आणि बियाण्याच्या उगवणीवर, शेळीच्या आजारावर नेमके प्रश्न त्याच विचारतात. माझ्या मते हा मोठा बदल आहे.

विरले तेही पुष्कळ. शाळेपुढे आणि बाजारात हात धुण्यासाठी बसवलेल्या कित्येक तोट्या कोरड्या आहेत. आजारी माणसाने गर्दीत जाऊ नये, हे साधे भानही मागे पडले. एप्रिल-मे २०२१ मध्ये प्राणवायूची नळकांडी शोधत माणसे तालुक्याहून जिल्ह्याला धावत होती. एकाच घरातली दोन माणसे गेलेली घरे मला ठाऊक आहेत. एवढी किंमत मोजून झाल्यावर मागे काहीच न ठेवणे हे त्या गेलेल्यांवर अन्याय करण्यासारखे आहे.

म्हणून शेतकरी बंधुभगिनींनो, तीन कामे सुचवतो. तिन्ही आपल्या हातातली आहेत.

पहिले, धान्य. ते चांगले वाळवून पत्र्याच्या कोठीत भरा. पोती ठेवायचीच असतील तर लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हात-दीड हात दूर ठेवा, म्हणजे मागे झाडता येते आणि उंदराला आडोसा मिळत नाही. बोट शिरेल एवढे भोकही काचेचे तुकडे घालून सिमेंटने बुजवा. दाराखालच्या फटीला पत्रा मारा. उंदीर खातो त्यापेक्षा नासतो जास्त. विषाचे आमिष घालायचे ते गावाने मिळून एकाच वेळी, मुले व जनावरे सांभाळून. एकट्याच्या घरातले उंदीर शेजारी जातात आणि चार दिवसांनी परत येतात. मात्र उंदीर आपण होऊन मरून पडताना दिसले तर त्यांना हात लावू नका आणि विषही घालू नका. आधी आरोग्य केंद्राला कळवा. उंदीर एकदम मेले तर पिसवा माणसाकडे वळतात, हे मांडवीने पुरेसे शिकवले आहे.

दुसरे, हवा. नवे घर बांधाल तेव्हा झोपण्याच्या खोलीला समोरासमोर दोन खिडक्या ठेवा. कोरोना पसरला तो कोंदट हवेत, आणि क्षयही तिथेच पसरतो. वाऱ्यासाठी मुंबईत रस्ते फोडावे लागले. आपल्याला फक्त भिंतीत चौकट सोडायची आहे.

तिसरे, नोंद. आपल्या गावात २०२० आणि २०२१ मध्ये कोण गेले, कोणाला गाडी मिळाली नाही, कोणी घरपोच डबे दिले, कोणती खोली विलगीकरणाला वापरली, हे सारे ग्रामपंचायतीच्या एका वहीत लिहून ठेवा. ती माणसे अजून आहेत, त्यांना विचारता येते. मानमोडीची अशी वही आपल्या आजोबा-पणजोबांनी ठेवली असती, तर २०२० मध्ये आपण इतके गोंधळलो नसतो.

मुंबईला जाल तेव्हा प्रिन्सेस स्ट्रीटवरून एकदा समुद्राकडे चालत जा आणि मुलांना सांगा, हा वारा इथे का येतो ते. पण त्याआधी घरचे काम आहे. येत्या मे महिन्यात कणगी रिकामी झाली की ती बाजूला सारून मागची भिंत पाहा. तिथे बीळ असेल, तर या हंगामाची सुरुवात तिथूनच करा.